सहादेवाचं ऑपरेशन

तिसगावच्या काकासाहेबांनी जन्मभर एकच पीक नेमानं घेतलं, चुलतभाऊ सहादेवाचा हेवा. सहादेवानं बोअर घेतला की यांचा त्याहून खोल. पाणी दोघांनाही लागलं नाही, पण खोली काकासाहेबांची जास्त, हे गाव मान्य करी.

मग सहादेवाला अपेंडिक्सचा कॅन्सर झाला आणि पोटभर पसरला. पुण्यात डॉक्टरांनी पोट उघडून गाठी काढल्या, तिथंच केमोचं गरम औषध पोटात फिरवलं, आणि सहादेव बरा होऊन परत आला. छातीपासून बेंबीखाली गेलेला व्रण तो लग्नाच्या पंगतीतही सदरा वर करून दाखवी. काकासाहेब तेवढा वेळ पत्रावळीकडं बघत.

पुढं काकासाहेबांच्या स्वादुपिंडात कॅन्सर निघाला. पोटाच्या अस्तरावरही ठिपके होते. ते त्याच डॉक्टरांकडं गेले.

"मला सहादेवाचंच ऑपरेशन करा."

"त्यांचा रोग वेगळा होता," डॉक्टर म्हणाले. "स्वादुपिंडाच्या कॅन्सरला हे अजून फार थोड्या जणांवर करून बघतात. आधी सलाईनमधून केमो घेऊ, मग दुर्बिणीनं पाहू. ठिपके आटोक्यात असले तरच त्याच वेळी पोट उघडायचं."

बाहेर येताच काकासाहेब बायकोला म्हणाले, "त्याला बरं पयल्या झटक्यात दिलं. माझ्या टायमाला नेमकं नियम निघत्यात."

"आवं, कॅन्सर हाय, सोसायटीचं खत न्हाई," सविताबाई म्हणाल्या.

केमोत केस गेले, वजन गेलं. हेवा तेवढा टिकला.

दुर्बिणीच्या दिवशी सहादेवही दवाखान्यात आला. "दादा, उठल्यावर बघ, तुझी पट्टी माझ्यापरीस लांब आसल."

"आसलच," काकासाहेब म्हणाले.

शुद्धीवर येताना डोळे उघडायच्या आधी त्यांनी पांघरुणाखाली हात घातला आणि ती लांब पट्टी शोधली. बोटांना लागले ते दुर्बिणीच्या छिद्रांवर चिकटवलेले दोन-तीन तुकडे. पोट उघडलंच नव्हतं. डॉक्टर यायच्या आत त्यांना सगळं कळलं होतं.

पायाशी सहादेव उभा होता. गावभर पोट दाखवत हिंडणाऱ्या त्या माणसानं आज गळ्यापर्यंत बटणं लावली होती.

"आता झाकतो व्हय रं? दाखव."

"नगं, दादा."

"दाखव म्हंतो."

सहादेवानं सदरा वर केला. काकासाहेबांनी तो व्रण पहिल्यांदाच नीट बघितला, वरपासून खालपर्यंत, सावकाश.

"वाकडा शिवलाय," ते म्हणाले.