दह्यासाठी शॉकअप

सायकलला शॉकअप बसवायला माझा तात्त्विक विरोध होता. रस्ता ठेकेदाराने खायचा आणि स्प्रिंगा आम्ही बसवायच्या? उद्या म्हणाल, छप्पर गळतंय तर छत्री उघडून झोपा! हे वाक्य मी पत्रकातही छापलेलं. लोकांना आवडलेलं. आईला नाही.

आई शहाडला घरी मातीच्या मडक्यांत दही लावते. मी ते इलेक्ट्रिक मालवाहू सायकलवरून खडकपाड्याच्या एका खानावळीत पोचवते. मागच्या चाकात मोटर, पुढे पेटी, पेटीत मडकी. प्रत्येक मडक्याच्या तोंडावर केळीचं पान, पानावर माझं खड्ड्यांविरुद्धचं पत्रक, वरून दोरा. पत्रकं ढिगाने उरायची, म्हणून ही आईची युक्ती. मी तिला जनजागृती म्हणायचे.

जागृती कसली! घरून कवडीदार निघालेलं दही पोचेपर्यंत मोडायचं, पाणी सुटायचं, पत्रकाचा लगदा व्हायचा. खानावळ चालवणारी आजी इथल्याच जुन्या आगरी गावातली. एका सकाळी तिने पान उचलून आत पाहिलं.

"यो दही हाय का ताक गो?"

"आजी, रस्ताच तसा आहे. ठेकेदाराला विचारा."

"ठेकेदार माझ्याकरं जेवाला येत नाय. गिऱ्हाईक येतं. सोमवारी चांगला आनलास तं आन, नाय तं मी पिशवीतला घेते."

घरी सांगितलं तेव्हा आई दुधाचं पातेलं घासत होती. मान वर न करता म्हणाली, "तुझं आंदोलन होईल तेव्हा होईल गं. माझं दही आज मोडतंय."

मी पत्रकांचा गठ्ठा बाजूला ठेवला. बाजारात जाऊन पुढचं चाक धरणारा, शॉकअपवाला चिमटा घेऊन आले.

बिल्डिंगच्या पार्किंगमध्ये सायकल टेकवून पेटी उतरवली, पुढचं चाक काढलं, ब्रेक सोडवला, हँडल बाजूला लटकवलं आणि जुना सरळसोट चिमटा खाली ओढून काढला. त्याच्या मुळाशी बेअरिंगची कडी घट्ट बसलेली. ती ठोकून सोडवली आणि नव्यावर चढवली. नव्याची नळी लांब होती. जुनी शेजारी धरून खूण केली, मग करवत चालवली. आमच्या खड्डेविरोधी संघटनेतला एक दादा नेमका तेव्हाच उगवला.

"वा ताई! खड्ड्यांशी युती?"

"युती नाही. बाहेरून पाठिंबा. तोही तात्पुरता."

खरं सांगायचं तर मला मजा येत होती. ब्रेक दाबून सायकल पुढेमागे हलवायची, हँडलच्या मुळाशी खडखड लागली की बोल्ट जरा आवळायचा, हँडल जड झालं की जरा सोडायचा. मोर्चात असं हाताला लगेच काही लागत नाही.

शनिवारी एक मडकं घेऊन चाचणीला निघाले. हातांना धक्काच नाही! मी खूश. पण पहिल्या मोठ्या खड्ड्यात पाहते तर हँडल शांत आणि पेटी मात्र वरातीत निघाल्यासारखी नाचतेय. मडकं उघडलं. ताकच.

मी तिथेच रस्त्याच्या कडेला उकिडवी बसले आणि मग दिसलं. जुन्या सवयीने पेटीचे पाय मी चिमट्याच्या खालच्या टोकाला, चाकाशी आवळले होते. स्प्रिंग त्याच्या वर. म्हणजे आराम मला, आणि खड्डे सगळे दह्याला! वर बसलेले गादीवर आणि खालचे खड्ड्यात, असली व्यवस्था मोडायची म्हणून ज्या बाईने घसा कोरडा केला, तिने स्वतःच्या हाताने तीच बांधलेली. एकटीच हसले. शेजारून जाणाऱ्या एका दूधवाल्याने वळून पाहिलं.

शहाडच्या एका वेल्डिंगवाल्याकडून लोखंडी पट्टीचा कंस करून घेतला आणि पेटी सायकलच्या सांगाड्यालाच जोडली, चाकापासून सुटी. आता हँडल वळलं तरी पेटी सरळच बघत राहायची. पहिली दोन वळणं मी घाबरूनच घेतली. मग सवय झाली.

सोमवारी आईने मडकी भरताना दोरे जरा जास्त आवळले. खानावळीत आजीने पहिलं मडकं उचललं, दोरा सोडला, पान काढलं आणि मडकं सरळ तळहातावर उपडं धरलं. दही हललं नाही.

"आता कसा!" आजी म्हणाली. मग तिने खाली पडलेलं पत्रक उचललं. कोरडं होतं. चष्मा लावून तिने ते उभ्या उभ्या पूर्ण वाचलं.

"ह्ये तू लिवलंस? इतके दिस काय लिवलाय त्येच कलत नव्हतं. समदा वला."

"मीच."

"उद्या दोन मडकी जास्ती आन. आन् ह्ये कागद सुटे बी आन थोरे. गिऱ्हाइकाला ताटाबरोबर देईन."

परत येताना पेटी रिकामी होती. त्याच मोठ्या खड्ड्यात सायकल अलगद खाली गेली, अलगद वर आली. मी ठेकेदाराला नेहमीचीच शिवी दिली, पण जरा आनंदाने.