एका डिस्कपायी बारा

धाकटीला ऑफिसात सगळे ‘विंचू’ म्हणत, आणि तिला ते आवडायचं. विनाकारण नांगी मारणाऱ्यांतली ती नव्हती. तिच्याकडे कारण होतं, तीन वर्षं जपलेलं.

तिचा दादा एका इस्पितळात संगणकांची देखभाल करायचा. एके दिवशी माहिती साठवणाऱ्या बारा डिस्कांपैकी एक अडखळली आणि बाराच्या बारा बंद पडल्या. रुग्णांचे एक्स-रे बुडाले. ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्यातला, म्हणजे कर्नलमधला, बिघडलेल्या डिस्क सावरण्याचा कोड ज्यांनी लिहिला होता, ते साहेब चौकशीला आले नि बेधडक म्हणाले, "कोड चोख आहे. ह्यानेच वायर ओढली असणार." झालं! चोर सोडून संन्याशाला सुळी. दादाची नोकरी गेली आणि हळूहळू त्याचं बोलणंही गेलं.

ह्या माणसाला पाणी पाजायचंच, असं धाकटीने ठरवलं. ती साहेबांच्याच हाताखाली नोकरीला लागली. "हो साहेब, बरं साहेब" करत तिने त्यांचा कोड ओळ न ओळ वाचला. आणि सापडलं की! एका डिस्कने उत्तराला उशीर केला की तो कोड बाराही डिस्क एकदम रीसेट करायचा, आणि त्या सावरायच्या आत सगळ्यांना मेलेलं ठरवायचा. घरात एकाला शिंक आली म्हणून अख्खं घर स्मशानात!

तिने नवा कोड लिहिला. आधी आजारी डिस्कलाच पुन्हा विचारायचं, नाहीच ऐकलं तर तिला एकटीला बाजूला काढायचं, बाकीच्या चालूच. मुद्दाम अडखळणारी डिस्क लावून तिने तो शंभरदा तपासला.

ह्या धंद्यात एक रीत आहे. दुरुस्ती पाठवताना मूळ चूक कोणाच्या कोणत्या बदलातली, ते लिहायचं. कर्नलचा कोड सगळ्यांना खुला, त्यामुळे ते सगळ्या जगाला कायमचं दिसतं. खाली विभागप्रमुखाची सही लागते. आणि विभागप्रमुख कोण? साहेबच!

"ती ओळ काढ ना," साहेब गोडीत म्हणाले. "जुनं कशाला उकरायचं?"

"ओळ राहील, साहेब. नाहीतर सही का नाही करत, ते सगळ्यांसमोर लिहा."

साहेबांनी सही केली. त्यांचा पडलेला चेहरा बघून तिच्या जिवाला गार वाटलं. खोटं कशाला बोला?

संध्याकाळी तिने दादाला सगळं वाचून दाखवलं. त्याने पुन्हा वाचायला लावलं. मग हळूच म्हणाला, "मी चौकशीत लिहून दिलं होतं गं, वायर माझ्याच हातून निघाली म्हणून. सगळे इतकं ठासून सांगत होते, की मला तसं आठवायलाही लागलं होतं."

धाकटीच्या मस्तकात तिडीक गेली. एवढ्याशा सहीवर तिने त्या माणसाला सोडलं होतं! तिने दादाशेजारीच बसून, चूक दादाची नव्हती असं इस्पितळाला पत्र लिहायला घेतलं आणि पहिल्याच ओळीत साहेबांचं नाव घातलं.