उसना रवंथ
अस्तुरिया प्रांतातल्या एका वाडीत कुणाच्या गाईचं पोट बिघडलं की आधी ओबदुलियाला, म्हणजे साऱ्यांच्या ‘पोटवाल्या बाई’ला, बोलावणं जायचं, डॉक्टरला मागाहून. ती गोठ्यात शिरायची तीच मुळी शेणाकडे बघत. मग गाईच्या डाव्या कुशीला कान लावायची आणि मालकाची अशी खरडपट्टी काढायची, की तो गाईपेक्षा मलूल व्हायचा. सफरचंदांची सायडर ही दारू गाळून झाली की उरलेला चोथा घरोघरी गाईंना घालतात. "एक बादली, तीही वाळल्या गवतात कालवून!" हे तिचं पालुपद साऱ्यांना पाठ होतं. मागच्या वर्षी शेजारच्या बेलार्मिनोला तिनं यावरून चारचौघांत सुनावलं. तेव्हापासून त्यानं चोथा गोठ्यात आणणंच सोडलं होतं.

आणि यंदा बाईनं स्वतःच शेण खाल्लं.

जनावरांचं प्रदर्शन दहा दिवसांवर आलं होतं. तिची गाय गालाना आणि बेलार्मिनोची गाय मोरा एकाच गटात होत्या. कुंपणापलीकडून मोराची भरलेली कूस दिसली आणि ओबदुलियाच्या पोटात दुखू लागलं. तिनं तीन दिवस गालानाला रोज तीन-तीन बादल्या चोथा घातला, वर मक्याचा भरडा. चौथ्या दिवशी गालानानं गव्हाणीकडे पाठ फिरवली. शेण पाण्यासारखं, आंबूस वासाचं. रवंथ बंद. कान लावला तर आत सामसूम.

नवरा, एलॉय, दारात येऊन उभा राहिला. "आता कुणाला बोलावू? पोटवाल्या बाईला?"

"गप बसा हो! चोथा बंद, भरडा बंद. जुनं वाळलं गवत तेवढं काढा."

"आणि रवंथ?"

तीच तर पंचाईत होती. बसलेलं पोट चालू करायला निरोगी गाईच्या तोंडातला रवंथाचा गोळा भरवायचा, ही तिथली जुनी रीत. पण वाडीतल्या साऱ्या गाई चोथ्यावर होत्या. निव्वळ गवतावरची एकच होती, मोरा. ओबदुलिया अर्धा तास अंगणात येरझाऱ्या घालत राहिली. गालानाला तिनं बाटलीनं दूध पाजून वाढवलं होतं. प्रदर्शन गेलं चुलीत, पोरगी हातची जाईल या भीतीनं ती शेवटी कुंपण ओलांडून गेली.

"बेलार्मिनो, मोराचा रवंथ हवाय."

"का हो बाई? कुणी जास्त चोथा घातला?"

"मी."

"किती?"

"तीन बादल्या. रोज."

तो हसता हसता खाली बाकावर टेकला. तिनं मान खाली घालून ते हसू पुरतं संपू दिलं. मग तो डोळे पुसत उठला. "या. पण पहिला नंबर मागायला येऊ नका हां."

पुढचे तीन दिवस त्यानं स्वतः मोराचं नाक धरलं आणि रवंथ करता करता तोंडातला ऊन, हिरवा गोळा काढून दिला. तिसऱ्या संध्याकाळी गालानाचा जबडा हळूहळू हलू लागला. ती गवत खाऊ लागली. शेण मात्र पातळच, काही केल्या बांधून पडेना, त्यामुळे ओबदुलियाच्या डोळ्याला डोळा नव्हता.

तशीच ती रविवारी गालानाला घेऊन रिंगणात उतरली. गाय वाळली होती, कमरेची हाडं दिसत होती. परीक्षकानं मोराला पहिला नंबर दिला, गालानाला चौथा. तो फीत घेऊन जवळ आला आणि नेमकी तेव्हाच गालानानं शेपूट उचललं. परीक्षक उडी मारून मागे सरला. एलॉयनं लाजेनं टोपी डोळ्यांवर ओढली. ओबदुलिया मात्र वाकून बघत होती.

"बेलार्मिनो! अरे इकडे ये! बांधून पडलंय!"

बेलार्मिनोनं मोराचा कासरा सरळ परीक्षकाच्या हातात कोंबला आणि धावत आला. गुडघ्यांवर हात टेकून त्यानं नीट पाहिलं.

"झकास! बाई, गाय दुखण्यातून सुटली!"

"तुझ्या मोरानं सोडवली," ती सगळ्या मांडवाला ऐकू जाईल अशी ओरडली, "आणि बिघडवली होती मी!"

मांडवात हशा पिकला. सगळ्यांत मोठ्यानं ओबदुलियाच हसत होती आणि बाहीनं डोळे पुसत होती. चौथ्या नंबरची फीत कुठे पडली ते तिनं पाहिलंही नाही.