तपासणीच्या दिवशीची आंघोळ

आमच्या कर्वेनगरच्या बिल्डिंगवर सोलर बसला, तेव्हापासून टाकीत पाणी कमी आणि किस्सेच जास्त साठतात! सोलर चालू असला तर घरपट्टीत सवलत, बंद दिसला की सवलत गेली. यांच्या पगारात ती सवलत आम्हाला फार मोठी. म्हणून नळ नुसता गुरगुरला तरी मी बाथरूमकडे धावते.

*

पहिल्याच ढगाळ दिवशी मी सेक्रेटरी लिमये काकांचं दार वाजवलं. "काका, पाणी गार येतंय हो!"

काकांनी पेपरसुद्धा खाली केला नाही. "सूर्य आपल्या कमिटीत नाही."

*

तळमजल्यावर नंदाताईंकडे आधी पाइपातलं गार पाणी काढून ठेवावं लागतं. एकदा त्यांची बहीण आली होती. बादल्या भरल्या, टब भरला, पातेली भरली, आणि गरम पाणी आलं तेव्हा धरायला भांडंच नाही!

नंदाताई म्हणाल्या, "आता तू नळाखालीच बस!"

*

माझी मनू दीड वर्षाची. तिचं पाणी मी आधी हाताने बघते, मग कोपराने, मग यांना बोलावते. तोवर ते गार!

हे म्हणाले, "अगं, महापालिकासुद्धा एवढी तपासणी करत नाही!"

*

मग खरीच तपासणी आली. आदल्या संध्याकाळी काकांचं फर्मान, "साहेब नळ सोडून बघणार. ते येईपर्यंत सोलरच्या पाण्याला कुणी हात लावायचा नाही!"

सकाळी अख्खी बिल्डिंग पारोशी. मनू नेमकी अंगभर दूध ओकली. मी गुपचूप एक बादली काढली आणि देवाला हात जोडले, तेवढ्याने टाकी गार नको होऊ दे!

साहेब आले. काकांच्या बाथरूममध्ये नळ सोडला. वाफाळतं पाणी! आम्ही सगळे खूश. साहेब मात्र फरशीकडे बघत राहिले. "कोरडी ठणठणीत!"

नंदाताईंकडे गेले. तिथेही तेच.

"वापरतच नाही वाटतं कुणी? नुसता दाखवायला सोलर? मग सवलत कशाची?"

काका नुसते नळाकडे बोट दाखवत राहिले. मीच कशीबशी बोलले, "साहेब, आमच्याकडे या ना."

ओली फरशी, बादलीत भिजलेलं झबलं, पावडर लावलेली मनू. साहेबांनी सगळं बघितलं, हसले आणि सही केली. मला तर रडूच फुटलं!

ते गेल्यावर काका माझ्याकडे वळले. त्यांचं फर्मान मी मोडलं होतं ना! काकांनी शांतपणे चष्मा पुसला.

"पुढच्या तपासणीच्या दिवशी मनूला कमिटी न्हाऊ घालेल."