पोच घेतल्याशिवाय

शिक्क्याच्या जांभळ्या शाईचा वास आला की मला सौदीतील त्या भारतीय शाळेच्या मुलींच्या विभागाचे तापलेले लोखंडी फाटक आठवते. इकाम्याचे, म्हणजे तिथल्या निवासी परवान्याचे, नूतनीकरण रखडल्याने माझी मुलगी बारावीच्या वर्षी तीन महिने नाशिकला अडकली होती, आणि हजेरी पंचाहत्तर टक्के भरली नाही म्हणून शाळेने तिचे परीक्षेचे प्रवेशपत्र रोखले होते. मी नियमावली ओळ न् ओळ वाचली होती. हजेरीत सूट देण्याचा वा नाकारण्याचा अधिकार परीक्षा मंडळाचा होता. शाळेने केवळ प्रकरण पुढे पाठवायचे होते. तसे मी तीन पानी पत्रात खडसावून लिहिले, आणि पोचेसाठी त्याची दुसरी प्रतही काढली. परंतु त्या विभागात वडिलांनाही प्रवेश नव्हता, आणि फाटकावरचा रखवालदार पत्र घ्यायला तयार असला तरी पोच द्यायला तयार नव्हता. “पोच नाही तर पत्रही नाही,” हे मी त्याला भर उन्हात चौथ्यांदा हिंदीत सुनावत होतो. “बाबा, प्लीज, सब देख रहे हैं,” मुलगी तिच्या नेहमीच्या हिंदीत पुटपुटली, आणि माझ्या हातातून दोन्ही प्रती ओढून एकटीच आत गेली. तासाभराने परतली तेव्हा एका प्रतीवर गोल शिक्का होता. “मॅडम म्हणाल्या, ठेवून जा. मी म्हटलं, शिक्का मिळेपर्यंत इथेच उभी आहे,” ती म्हणाली, तेही मराठीत. मंडळाची परवानगी आली आणि ती परीक्षेला बसली. आज उत्तीर्णतेचे प्रमाणपत्र तिच्यापाशी आहे. ती पोच मात्र माझ्या फायलीत आहे, आणि ती मी तिलाही देणार नाही.