संथ सिंफनी आणि आमची चांदणी

लग्नात बँडवाल्यांना जेवायला सगळ्यात शेवटी बसवतात. तोवर करायचं काय? गप्पा! त्यामुळं आमच्या पळसदेवच्या बँडचं पोट रिकामं आणि किस्से मात्र भरपूर. मी क्लॅरिनेट वाजवतो, सगळं डोळ्यांनी बघितलेलं आहे. पण हल्ली कुणीही भेटलं तरी एकच विषय काढतं, गायकवाड सरांची सिंफनी!

* * *

गायकवाड सर बारामतीचे रिटायर्ड शिक्षक. मृणालच्या, म्हणजे त्यांच्या मुलीच्या लग्नाची सुपारी द्यायला आले आणि त्यांनी मोबाईलवर एक परदेशी रेकॉर्डिंग लावलं. सिंफनीतला संथ भाग. नुसती व्हायोलिनंच व्हायोलिनं!

"मृणालच्या आईचं फार आवडतं होतं. ती आता नाही. मृणाल मंडपात येताना हे वाजवा. पूर्ण. मध्येच तोडायचं नाही."

आमचे मास्तर म्हणजे दिलावरचाचा, ट्रंपेटवाले. त्यांनी एकदा शब्द दिला की दिला. "वाजवू, सर. पन लोकं नाचायचं गानं मागत्यात. त्यास्नी तुमी आवरायचं."

सर म्हणाले, "चाचा, माझं वर्गातसुद्धा कोणी ऐकत नव्हतं!"

* * *

आमची लय घड्याळावर नसते, घोडीवर असते. चांदणी जशी चालेल तसा बँड वाजतो. म्हणून तालमीलाही चांदणी हजर. पण सिंफनी सुरू झाली, तिनं चार पावलं टाकली आणि उभ्या उभ्या झोपली!

मग रोज तेच. शेवटाकडं आमचा ढोलवाला बबन एक ठोका द्यायचा, तेव्हा ती दचकून जागी व्हायची.

बबनचं दुखणं आणखी वेगळं. सगळ्या सिंफनीत त्याच्या वाट्याला तो एकच ठोका. "चाचा, एवढा येळ म्या काय करू?"

"चांदनी काय करती ते बघ. तेच कर!"

* * *

एकदा सर सकाळीच तालमीला आले. रेकॉर्डिंगशी ताडून बघतात तर आमचा सूर खाली!

चाचा म्हणाले, "सर, दुपारच्याला या. पितळ उन्हात तापलं की सूर चढतोय. बाराला बराबर जुळंल."

आणि जुळला की! फक्त ट्रंपेट ओठाला लावायची सोय राहिली नाही.

* * *

तालीम चाचांच्या अंगणात चालायची. त्या रेकॉर्डिंगचा मूड मोबाईलवर लिहिलेलाच होता, 'उदास'. एका संध्याकाळी शेजारच्या कमलवहिनी पिठलं-भाकरीची पाटी घेऊन आल्या. मागं सगळी आळी, डोक्यावर पदर, तोंडं पडलेली. ज्या घरात कुणी गेलं तिथं चूल पेटत नाही, शेजारी जेवण नेतात, अशी आमच्याकडची रीत.

"कोन गेलं वो, चाचा?"

"कोन बी न्हाय, वहिनी. लग्नाचं वाजवतोय."

वहिनींनी पाटी मागं ओढली, पण बबनचा दुसरा घास सुरू झाला होता.

"ऱ्हाऊ द्या," चाचा म्हणाले. "उद्या बी हेच वाजवायचंय."

* * *

लग्न पिंपळीला होतं. भर दुपार, म्हणजे सुराची काळजी नाही, फक्त ओठांची. नवरदेव मारुतीचं दर्शन घेऊन चांदणीवरून मंडपाच्या दाराशी आला. तो घोडीवरूनच आत जाणार, मागोमाग मृणाल आणि सर, असं ठरलेलं. चाचांनी खूण केली आणि आम्ही सिंफनी सुरू केली.

चांदणी बरोबर दारात थांबली. झोपली!

घोडीवाला लगाम ओढतोय, नवरदेव टाचा मारतोय, ती ढिम्म. आत पंगत मांडलेली, बाहेर सगळं वऱ्हाड, मधे घोडी.

"बंद करा ते! दुसरं कायतरी वाजवा!" मागून कुणीतरी ओरडलं. चाचांनी डोळे मिटले आणि ते वाजवतच राहिले.

मग लोकांना इलाजच राहिला नाही. उभे राहिले. हळूहळू ऐकायला लागले. मृणाल वडिलांचा हात धरून रडत होती. मलाही रडू येत होतं, पण क्लॅरिनेट तोंडात असताना रडता येत नाही.

आणि मग बबनचा ठोका! इतक्या दिवसांचा साठवलेला! चांदणी उधळली ती नवरदेवासकट थेट स्टेजवर. भटजी खुर्चीवर चढले.

सगळं निवळल्यावर सर डोळे पुसत आले. "चाचा, अगदी मृणालच्या आईला आवडायचं तसंच झालं. फक्त रेकॉर्डिंगमध्ये तो ठोका एवढा जोरात नाही."

चाचांनी ट्रंपेट फडक्यानं पुसला.

"त्यांच्यात घोडी न्हवती ना, सर."