जप्तीतले ससे

सावली गावाहून चंद्रपूरकडे येताना जंगलात वनखात्याचा एक नाका लागायचा. तिथल्या साहेबांचं जनावरांवर फार प्रेम. इतकं, की ते प्रेम आठवलं की अजून माझं टाळकं फिरतं.

मी घरामागच्या खोलीत ससे पाळते. पांढरेशुभ्र, लाल डोळ्यांचे. भद्रावतीच्या एकाला ससेपालन सुरू करायचं होतं, त्याला माद्या हव्या होत्या. त्यातली एखादी तरी अनुभवी द्या म्हणाला, म्हणून काळजावर दगड ठेवून माझी जुनी मादी पण पिंजऱ्यात घातली. मी खोलीत शिरले की जाळीला नाक लावून उभी राहायची ती.

मे महिना होता. सशाला घाम येत नाही, अंगातली उष्णता तो कानांवाटे टाकतो. म्हणून उजाडायच्या आत निघालो. पिंजऱ्यात दाटी केली नाही, खाली वाळलं गवत, वरून ओलं गोणपाट. मालाची ऑटो माझा भाऊ चालवत होता. ऊन चढायच्या आत सहज पोचलो असतो.

नाक्यावर साहेबांनी गोणपाट उचललं आणि त्यांचे डोळे चमकले.

"ससे? कोन्या जंगलातून धरले?"

"जंगलातले नाई साहेब, माह्या घरचे आहेत. पांढरे आहेत, दिसून नाई राह्यले का?"

साहेबांनी नाक्यावरच्या वन्यप्राण्यांच्या फलकाकडे बोट दाखवलं. त्यावर वाघ, अस्वल, चितळ, आणि कोपऱ्यात एक मातकट, लांब टांगांचा ससा. "ससा म्हंजे ससाच ना बाई! रंगानं काय होते?"

वा रे वा! या हिशेबानं माझी मांजर वाघीणच म्हणायची.

त्यांनी फोटो काढून वरच्या साहेबांना पाठवले. उत्तर येईपर्यंत माल जप्त. ऑटो हलवायची नाही, गोणपाट घालायचं नाही, पाणी द्यायचं नाही. पुराव्याला हात लावला तर गुन्हा, म्हणे! एवढं सांगून साहेब आत कूलरसमोर बसले.

ऊन वर आलं. भाऊ बिचारा हात जोडत होता, मी भांडत होते. "साहेब, सावलीत तरी घेऊ द्या, मरून जातीन ते!"

"काऊन मरतीन? जंगलात कोन छत्री धरते त्यायले?"

ससा ओरडत नाही, हेच त्याचं वाईट. बकरं असतं तर बोंबलून नाका डोक्यावर घेतला असता. हे मुके जीव नुसते धापा टाकत होते. जाळीतून बोट घालून जुनीचा कान चाचपला, तर तवा. मग मात्र माझं डोकं सटकलं. गेला तुमचा पुरावा खड्ड्यात! पिंजरा उघडून बाटलीभर पाणी तिच्या कानांवर ओतलं. ती हललीच नाही.

वरून उत्तर अजून यायचंच होतं. पण मेलेला ससा बघताच साहेबांना आपोआप ओळख पटली. "हे तं पाळीव दिसते. न्या बाई घरी, वास येईन इथी."

मी सरळ आत जाऊन त्यांच्या कूलरच्या टाकीत गोणपाट बुडवलं आणि भावाला उरलेल्या माद्यांवर घालायला दिलं. मग जुनीला नेऊन साहेबांच्या टेबलावर ठेवलं.

"तुमीच जंगलातली आहे म्हणत होते ना? घ्या, सांभाळा."

साहेब खुर्चीसकट मागे सरकले. सकाळपासून जिला सोडायला तयार नव्हते, तिला आता बोटसुद्धा लावेनात. शेवटी मीच तिला उचलून पदरात घेतलं. तिचे कान अजून गरम होते.